टोपवाल्या चौघांचा सिनेमा

काल कूलरमध्ये नवी खस भरून घेतली. माणूस जुन्या जाळ्या काढून गेला, अंगणात वाळक्या काड्यांचा कचरा पडला, आणि पाणी सोडल्यावर घरभर ओल्या मुळांचा वास पसरला. हा वास आला की माझा आवाज आपोआप खाली जातो. कुणी सांगावं लागत नाही. पातेल्यावर झाकण ठेवताना मी आधी मध्ये बोट धरते आणि मग ते हळूच काढून घेते. बांगड्या कोपराकडे सारते. हे निवृत्त होऊन कितीतरी उन्हाळे गेले. जयपूरच्या मालवीय नगरातल्या ह्या घरात दुपारी भांडं पडलं म्हणून कुठली गाडी अडणार नाही. पण हातांना ते पटत नाही.

तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो, यार्डाला लागून. दोन खोल्या, मागे पत्र्याची मोरी, पुढे हातभर अंगण. हे मालगाडीचे गार्ड. रात्रीची गाडी घेऊन फुलेऱ्याला नाहीतर बांदीकुईला जायचे आणि सकाळी परत यायचे ते कानांत कोळशाची पूड आणि डोळे लाल. अंघोळ, जेवण, आणि मग झोप. त्यांची झोप म्हणजे घरातलं मोठं काम. त्या कामाला आम्ही सगळे लागलेले.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजारच्या शारदाभाभीने मला लाल फडकं आणून दिलं होतं. तिचा नवरा इंजिनाचा ड्रायव्हर.

"बहूजी, वो सोएँ तब ये दरवाज़े पे बाँध दो," ती म्हणाली होती. "सब समझ जाएँगे."

आणि खरंच सगळे समजायचे. आमच्या सगळ्या ओळीत ही रीत होती. ज्या दाराला लाल फडकं, त्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपलेला. पोरं त्या दारासमोरून चपला हातात घेऊन जायची. ककडीवाला ओरडत यायचा, फडकं दिसलं की तोंडातली हाक अर्धी गिळायचा आणि दोन घरं पुढे जाऊन उरलेली सोडायचा. भाभी म्हणायची, घरात गार्डची झोप मोडली तर तिकडे रात्री दिवा चुकतो, माणसं मरतात. हे ऐकल्यावर मी काय बोलणार? माझ्या पळीच्या आवाजाने गाडी पडेल अशी भीती माझ्या पोटात बसली ती बसलीच.

गंमत अशी की यार्डातली इंजिनं दिवसभर शिट्ट्या मारायची. त्याने ह्यांची कूससुद्धा बदलायची नाही. पण आत वाटीला चमचा लागला की डोळे उघडायचे. म्हणून मी दिवसा कुकर लावायचे नाही. मोरीतल्या नळाला चिंधी बांधलेली असायची, म्हणजे पाणी चिंधीवरून गुपचूप बादलीत उतरायचं. चटणी वाटायची ती हे ड्यूटीवर गेल्यावर.

ह्यांनी मात्र कधी "गप्प बसा" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान एकदा भांडता तरी आलं असतं.

थंडीत तरी बाहेर उन्हात बसता यायचं. उन्हाळ्यात जयपूरची लू सुटली की दारं-खिडक्या बंद. वाळूचे कण फटीतून येऊन दातांखाली कचकचायचे. घरात एकच कूलर, तोही ह्यांच्या खोलीत. थंडाव्यात बसायचं तर हलायचं नाही. हलायचं असेल तर तव्यासारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात. मी आणि माझी सुमी, दोघी बहुतेक स्वयंपाकघरात असायचो.

सुमी तेव्हा सहा वर्षांची. ती त्या क्वार्टरमध्येच जन्मली. बाकीची मुलं बोलायला शिकतात, ती कुजबुजायला शिकली. चिंध्यांच्या बाहुलीशी शाळा शाळा खेळायची, पण त्या शाळेतल्या बाई खुणांनी शिकवायच्या. पडली, खरचटलं, तर तोंड उघडायची, गाल ओले व्हायचे, आणि आवाज नाही. मला ते आधी शहाणपण वाटायचं. कौतुकाने सांगायचे मी, आमची सुमी अजिबात त्रास देत नाही म्हणून.

आणि मी तरी कोण होते? बार्शीकडचं माझं माहेर. चौथी झाली आणि मला शाळेतून काढून ज्वारीच्या राखणीला लावलं. रानात मचाण बांधलेलं असायचं. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचा थवा यायचा, आभाळाने एखादा पदर झटकावा तसा. कणसांवर उतरण्याआधी त्यांना उठवायचं. हातात गोफण असायची, पण माझा भर आवाजावर. त्या आरोळीत शब्द नसतात. बेंबीपासून निघते, छातीत फिरते आणि कपाळातून बाहेर पडते. "हाऽऽऽ हूऽऽऽ!" तीन शेतं पलीकडे आमचे चुलते बैल थांबवून म्हणायचे, "दादाची पोर हाकतीया, आता हिकडं पाखरू फिरकत नाही." माणसांपुढे मी लाजरी. पाहुणे आले की दाराआड. पण मचाणावर चढले की माझ्याएवढं मोठ्ठं कुणी नव्हतं. शाळा सुटल्याचं दुःख मला तिथे विसरायला व्हायचं.

लग्नात अंतरपाट धरला तेव्हापासून ती आरोळी आत राहिली. जयपुरात कसली ज्वारी आणि कसल्या भोरड्या.

त्या वर्षी थंडीत शारदाभाभी मागच्या दाराने आली, डोळे मोठे करून. आमच्या स्टेशनच्या एका बाजूच्या फलाटावर सिनेमावाले आले होते. गर्दी पाहिजे होती, बायकांची. साहेबांनी कॉलनीत निरोप धाडला होता.

"चालो भाभी, फ़िल्म में आएँगे!"

"मी? नाही बाई."

"अरे, थाने कोई खा जाएगा? सौ औरतें होंगी. कौन देखेगा!"

हे बांदीकुईला गेलेले. सुमीला कुणाकडे ठेवणार, म्हणून तिचा हात धरून मी गेले. मागच्या मागे उभी राहीन, असं ठरवून.

फलाटावर चार पुरुष उभे होते. डोक्यावर खांद्यापर्यंत केसांचे टोप, अंगात चकाकती घट्ट विजार, गळ्यात गिटारी. एका म्हाताऱ्या बाईंनी जोगी समजून त्यांच्या पाया पडायला हात पुढे केला, तर त्यातला एक घाबरून मागे सरला आणि त्याचा टोप वाकडा झाला. मी त्या सिनेमात पाहिलेला सगळ्यात मोठा विनोद तोच, आणि तो सिनेमात नव्हता.

सिनेमावाल्यांच्या एका माणसाने आम्हाला समजावून सांगितलं. विलायतेत पोरांची एक मोठी टोळी आहे, गाणी म्हणणारी. साऱ्या जगात नाव. ती पोरं दिसली की तिथल्या बायका किंचाळतात, रडतात, बेशुद्ध पडतात. हा सिनेमा त्याची थट्टा आहे. लग्नाच्या वरातीत बाजा वाजवणारे चार भाऊ, त्यांना लोक चुकून तेच विलायती समजतात. तेव्हा गाडी आली की तुम्ही सगळ्यांनी किंचाळायचं.

"और घूँघट हटाना पड़ेगा," तो म्हणाला.

झालं. गर्दीत एकदम गलका. सासवा, जावा, समोर यार्डातली माणसं, घुंगट कोण काढणार? शारदाभाभी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घूँघट तो ना हटे भाईसाहब. चिल्लाना है ना? अंदर से चिल्ला देंगे."

तो माणूस हसला. त्याला तीच गंमत वाटली असावी. पण एखादं तोंड तर दिसायला पाहिजे. मुंबईहून आणलेल्या फ्रॉकवाल्या मुली पुढे होत्या, त्यांच्या मागे कुणीतरी इथलं हवं. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. आमच्याकडे डोक्यावरून पदर, तोंड उघडं. साऱ्या फलाटावर साडीतलं उघडं तोंड माझंच.

"आप. हाँ, आप. आगे आइए."

मागच्या मागे उभी राहणारी मी, शंभर घुंगटांच्या पुढे एकटी. सुमीने माझा पदर मुठीत धरलेला. पळून जावं तर मागे बायकांची भिंत. गाडी आली, चौघे दारात लोंबकळत आले, आणि कुणीतरी ओरडलं, "चिल्लाओ!"

त्या टोळीचं नाव घेऊन ओरडायचं होतं. ते नाव माझ्या तोंडात बसेना. दोन्ही हात तोंडाशी धरून तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांनी तेच बाहेर आलं. "हाऽऽऽ हूऽऽऽ!"

मला वाटतं मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बाकीच्या बायका गप्प होऊन माझ्याकडे बघत होत्या. फलाटाच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली होती. आणि पदराला धरून उभी असलेली सुमी हसत होती. हसत म्हणजे आवाजाने. खिदळत. मी माझ्या मुलीचं हसू पहिल्यांदा ऐकलं.

सिनेमावाल्यांना ती आरोळी इतकी आवडली की माझ्याकडून ती पुन्हा पुन्हा करून घेतली. मी केली. आनंदाने केली. घरी येताना माझा घसा बसला होता आणि पाय जमिनीला लागत नव्हते.

पुष्कळदा मनात येतं, त्या विलायतेतल्या बायका नेमक्या कशासाठी किंचाळत असतील? ती पोरं एवढी देखणी असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या घरी दिवसा कोण झोपत असेल? कुणाच्या दाराला काय बांधलेलं असेल? वर्षभर गिळलेलं असं एका जागी ओरडायला मिळतं आणि कुणी विचारत नाही, म्हणूनही त्या जात असतील. लोकांना त्याची थट्टा करावीशी वाटली. मला त्या बायकांची थट्टा कधी करता आली नाही.

त्या दिवसापासून सुमी मागे लागली. हे झोपले की माझ्या कानाशी यायची.

"आई, ते कर ना."

"काय?"

"ते. कबुतरं उडवायचं."

"इथे नाही बाळा. बाबा झोपलेत."

"मग कुठे?"

कुठे? आमच्या घरचं फडकं सुटलं की शेजारच्या दाराला त्यांचं बांधलेलं असायचं. त्या ओळीत अशी एकही वेळ नव्हती की सगळेच जागे आहेत. मी म्हटलं, "सिनेमा येईल ना, त्यात मी तेच करतेय. एवढ्या मोठ्या पडद्यावर. तेव्हा पोटभर ऐक."

ती मान हलवायची आणि वाट बघायची.

उन्हाळा आला, शाळेचा निकाल लागला. सुमीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"इसे सुनाई तो देता है?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

"ज़रा ज़ोर से बोलिए."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुमीकडे. त्या वाईट नव्हत्या. वर्षभरात हिचा आवाज मी ऐकला नाही, म्हणाल्या. पाटीवर सगळं बरोबर लिहिते, पण उभी केली की नुसते ओठ हलतात. जुलैत शाळा उघडली की सगळ्या वर्गासमोर उभं करीन. मागच्या बाकावर ऐकू जाईल अशी एक कविता म्हणू दे, दुसरीत बसवते. नाहीतर मुक्या मुलांची वेगळी शाळा असते, तिची चौकशी करा.

चौथीत माझी शाळा सुटली. हिची पहिलीतच सुटते की काय, ह्या विचाराने तो उन्हाळा मी काढला. भर दुपारी, बंद खिडकीला ओलं पोतं लावलेलं, आणि मी स्वयंपाकघरात हिला शिकवतेय, "मोठ्याने म्हण." कशी शिकवतेय? कुजबुजत. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि तितक्याच हळू म्हणायची. चुकत काहीच नव्हतं. जसं शिकवलं तसंच ती म्हणत होती.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बोलेल गं. लहान आहे." डोळ्यांवर झोप होती. मी खिडकीचं पोतं पुन्हा भिजवून आणलं.

मग मी सगळी आशा त्या सिनेमावर लावली. फलाटावर ती हसली होती. तोच आवाज परत कानावर पडला, तो असा मोठा, चारी भिंतींतून येणारा, तर हिच्या गळ्यात काहीतरी सुटेल. चौथी शिकलेल्या बाईचं डॉक्टरी डोकं म्हणा. पण दुसरं औषध माझ्याकडे नव्हतं.

लू ऐन भरात असताना सिनेमा आला. आमचं स्टेशन दिसणार म्हणून सगळी कॉलनी लोटली. शारदाभाभीने पडद्यावर ओळखू यावं म्हणून शूटिंगच्या दिवशीचीच जांभळी ओढणी घेतली होती, आणि बघते तर सगळ्याच जणींनी तेच केलेलं. जिने शूटिंगला लोकरी शाल पांघरली होती ती त्या उन्हात शाल घेऊन आलेली. घामाने निथळत होती, पण शाल काढेना.

हे रात्रीची गाडी करून आलेले. "चल, मीही येतो. हॉल थंड असतो," म्हणाले. पहिलं गाणं संपायच्या आत ते माझ्या डाव्या बाजूला झोपले. उजव्या बाजूला सुमी, पाय वर घेऊन, डोळे पडद्याला चिकटलेले. आणि मी मध्ये. घरातलीच जागा, फक्त अंधारातली.

सिनेमा काय सांगू. एकाचा टोप पडायचा, बाकीचे तिघे तो उचलायला वाकायचे, त्यांचेही पडायचे. पुढच्या प्रसंगात टोप शेवयांच्या पातेल्यात. त्याच्या पुढच्या प्रसंगात कुत्रा टोप घेऊन पळतोय. गिटारीतून बाजाचा आवाज काढण्याची गंमत एकदा बरी वाटली, मग तीही पाठ झाली. चौघे बिचारे जीव तोडून उड्या मारत होते. हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "भाई, गुदगुदी करो तो हँसें."

मध्यंतरात लोक दारापर्यंत जायचे, बाहेर उन्हाची झळ तोंडावर यायची आणि परत वळायचे. बाहेर लू, आत हे चौघे. शारदाभाभी मला म्हणाली, "भाभी, पैसा वसूल ठंडी हवा से ही करना पड़ेगा." दिवे गेले. दरवाजे लागले. सुमीने माझं मनगट धरलं.

"आता?"

"आता येईल."

आलं आमचं स्टेशन. हॉलमध्ये एकदम कुजबुज, बोटं वर झाली. "वो देख, पानी की टंकी!" "वो म्हारी ओढणी!" भाभीचं नुसतं कोपर आलं, तरी तिने टाळ्या वाजवल्या. गाडी आली, चौघे लोंबकळले. आणि मी आले. भिंतीएवढी. डोक्यावरचा पदर मागे सरलेला, मानेची शीर फुगलेली, डोळे मिटलेले. तोंड उघडलं.

त्या तोंडातून एका बारीक पोरीची किंकाळी आली. "ईईईई!" बाकी फ्रॉकवाल्यांची होती तीच, सगळ्यांवर एकच चिकटवलेली. माझं तोंड "हा" म्हणत होतं आणि कानाला "ई" ऐकू येत होतं. मग लगेच एकाचा टोप पडला.

एवढंच. ज्याची सहा महिने वाट बघितली ते.

मी सुमीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"आई, हा तुझा नाही."

"नाही."

"तुझा कुठे गेला?"

तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला, जणू आत आहे का ते चाचपून बघते.

"कर ना."

मी तोंड उघडलं, खोटं सांगत नाही. श्वासही आत घेतला. डावीकडे ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलेलं होतं, रात्रभर जागलेलं. त्या डोक्याचं वजन खांद्यावर होतं आणि आवाज बेंबीपाशीच अडला. अंधार होता, कुणी ओळखणार नव्हतं, सिनेमातली गर्दी स्वतःच किंचाळत होती. एवढी मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. तरी नाही आला.

सुमी खुर्चीवर उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले, मी फलाटावर धरले होते तसे, आणि तिने केली.

"हाऽऽऽ हूऽऽऽ!"

आवाज आधी फाटका आला, मध्येच चिरकला, पण शेवटी वर चढला. बरोबर जिथे चढायचा असतो तिथे. सगळा हॉल मागे वळला, आणि त्या सिनेमात पहिल्यांदाच लोक हसले. पोट धरून.

हे दचकून उभे राहिले. एक हात खिशात शिट्टीकडे गेला, दुसरा वर, लाल झेंडी धरल्यासारखा.

"काय झालं? कोण पडलं?"

"भाईसाहब, बैठ जाओ, दिखता नहीं," मागचा म्हणाला.

"अरे खड़ा रहने दे," त्याच्या शेजारचा म्हणाला, "फ़िल्म से तो यही अच्छा है."

"कुणी पडलं नाही," मी सांगितलं. "सुमी ओरडली."

"आपली सुमी?"

ते तिच्याकडे बघत राहिले. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर येत होता, जात होता. मग खाली बसले, तिच्या खुर्चीकडे वाकले आणि म्हणाले, "परत कर बघू."

तिने परत केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला आणि आम्हाला बाहेर काढलं. सिनेमाचा शेवट काय झाला ते मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

सायकलरिक्षात तोंडाला फडकी बांधून बसलो होतो. ह्यांनी विचारलं, "हे कुठलं ओरडणं?"

"पाखरं हाकायचं. ज्वारीवरची."

"हिला कुणी शिकवलं?"

"मी. माझंच आहे ते."

"तू ओरडतेस असं? मला कधी ऐकू आलं नाही."

"तुम्ही झोपलेले असता."

दुसऱ्या सकाळी हे गाडीवरून आले, मी नुकतंच दाराला बांधलेलं लाल फडकं सोडलं आणि त्याने स्वतःचा कंदील पुसून काढला. काच, पितळ, सगळं. मग फडकं कोपऱ्यात टाकलं, कानांत कापसाचे बोळे घातले आणि आत जाऊन झोपले. सुमी अंगणात हाऽऽ हूऽऽ करत सुटली. शेजारी भाभीची सासू बाहेर डोकावली.

मी काय केलं? त्यांना झोप लागल्यावर ते फडकं उचललं, धुतलं, वाळवलं आणि दाराला परत बांधलं. सुमीला पलीकडे रुळांजवळच्या मोकळ्या रानात पाठवलं, तिथे ओरड म्हणून. रात्री त्यांच्या हाती झेंडी असणार, दिवा असणार. कापसावर मी कसा भरवसा ठेवू? दार बाहेरून कुणी लावलेलं असेल तर ते कुणीतरी उघडू शकतं. माझी कडी आतून होती.

जुलैत सुमीने वर्गात कविता म्हटली. पुढच्या वर्षी बाईंची तक्रार आली की ही फार बोलते. आता ती पुण्याला असते. तिच्या आवाजाबद्दल खालच्या मजल्यावरचे कुरकुर करतात म्हणे. फोनवर मला म्हणते, "आई, मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही."

आज दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. ह्यांचा डावा कान गेलाय, उजवा अर्धा. आत कूलरच्या वाऱ्यात पडले होते. तरी मी टीव्हीचा आवाज बंदच ठेवला होता, सवयीने. टोप पडत होते, कुत्रा पळत होता. आवाज नसला की तो सिनेमा बराच बरा वाटतो.

आमचं स्टेशन आलं. पाण्याची टाकी, जांभळी ओढणी, भाभीचं कोपर. भाभी जाऊन चार वर्षं झाली. मग ती आली, पदर मागे सरलेली, शीर फुगलेली. केवढी लहान होते मी. तोंड उघडलं. ह्या वेळी त्यात कुणाचाच आवाज नव्हता. कुणी दुसऱ्याचं काही चिकटवलेलं नव्हतं. तोंड नुसतं उघडं, मोकळं, वाट बघितल्यासारखं.

माझे हात तोंडाशी गेले. निघाला तो आवाज म्हातारीचा, घोगरा, वाटेतच दम लागलेला. भोरडीसुद्धा उठली नसती त्याने. "हाऽऽ हू."

कूलर घरघरत होता. मी तशीच बसून राहिले, झाकण हातातून पडल्यावर बसते तशी.

आतून पलंग करकरला.

"काय गं," हे म्हणाले, "पाखरं आली का?"

"आली," मी म्हटलं. त्यांच्या उजव्या कानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.